बसवलेला हलवायचा नाही

बाबांनी मला आयुष्यात एकदाच मारलं, आणि तेही सोंडेपायी.

पेणला आमचा गणपतीचा कारखाना. सासरी रोह्यात कारखाना म्हटलं की लोकांना चिमणी, भोंगा आणि शिफ्ट आठवते. आमच्याकडे कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, शाडूचा थंडगार वास आणि ओळीनं मांडलेल्या पाटांवर बसलेले, अजून डोळे न आलेले गणपती. मी तेव्हा दुसरीत असेन. कोपऱ्यातली एक मूर्ती मला तिरकी वाटली, म्हणून मी दोन्ही हातांनी पाट धरला आणि जरासा सरळ केला. माती ओली होती. सोंडेला तडा गेला आणि माझ्या मनगटावर फाडकन चापट बसली.

"बसवलेला हलवायचा नाय! किती वेळा सांगायचं गो तुला?"

मी रडून घर डोक्यावर घेतलं. आईनं गूळ-खोबरं दिलं, बाबांनी तडा बुजवला, प्रकरण मिटलं. ते वाक्य मात्र घरात कायमचं राहिलं आणि सगळ्यालाच लागू झालं. ओली मूर्ती हलवायची नाही, विरजण लावलेलं पातेलं हलवायचं नाही, लोणचं मुरत घातलेली बरणी हलवायची नाही, नुकतं झोपलेलं पोर तर नाहीच नाही. आणि चतुर्थीला घरच्या गणपतीची प्रतिष्ठा झाली की त्या पाटाच्या आसपास कोणी गेलं तरी बाबा असे बघायचे की माणूस आपोआप दोन पावलं मागे सरायचं.

हलवायचा तो एकदाच, निरोपाच्या दिवशी. उत्तरपूजा झाली, मूर्तीच्या हातावर दही ठेवलं, अक्षता वाहिल्या की बाबा दोन्ही हातांनी पाट धरत, डोळे मिटत आणि पाट जरासा सरकवत. मग म्हणत, "हलवला हो!" की आईच्या डोळ्यांना धार. देव आता मूर्तीतून निघाला, उरली ती माती. मी एकदा विचारलं होतं, "बाबा, किती हलवायचा असतो?" त्यांनी माझ्या केसांत अडकलेली अक्षत काढून बोटावर धरली. "एवढा. तांदळाएवढा. देवाला ढकलायचं नसतं, नुसतं कळवायचं असतं."

हे सगळं आधी सांगून टाकते, कारण पुढे माझं घोडं अडलं ते याच वाक्यापाशी, आणि सुटलं तेही याच वाक्यापाशी.

लग्न होऊन मी रोह्याला आले. फिजिक्समध्ये एमएस्सी होते, त्यामुळे तिथल्या एका कॉलेजात शिकवायला लागले, तासिका तत्त्वावर. हे तत्त्व ज्याला माहीत नाही तो सुखी माणूस. आपण वर्षभर शिकवायचं, पोरं आपल्याला 'मॅडम, मॅडम' करत मागे फिरणार, आणि जून आला की आपण पुन्हा दारात उभ्या, नव्या पाहुणीसारख्या, "यंदा घेताय ना?" विचारत. अशी किती तरी जून गेली. कायम व्हायचं तर पीएचडी हवी. मग ज्या वयात बायका पोरांच्या दहावीची काळजी करतात त्या वयात मी मुंबईच्या एका संस्थेत नाव नोंदवलं. शनिवारी पहाटेची रोहा गाडी धरायची, रविवारी परत यायचं, आणि दिवाळी-मे महिन्याच्या सुट्ट्या तिथेच काढायच्या. नवरा शिफ्टमध्ये. घर कोणी सांभाळलं असेल तर सासूबाईंनी.

सासूबाई खाडीकाठच्या, त्यांचं माहेर मिठागराच्या बांधावरचं. एकदा भाकऱ्या थापता थापता त्यांनी मला गाठलंच.

"मुंबईला जाऊन करतेस तरी काय गो?"

"भोवरे मोजते, आई."

"पोरांच्या खेळातले?"

"नाही हो. खाडीच्या तोंडाशी पाण्याला पडतात तसले."

मग मी त्यांना माझा विषय सांगायला बसले. मसुरीच्या डाळीएवढा एक स्फटिक असतो. तो भयंकर थंड केला की त्यातून वीज काहीसुद्धा वाया न जाता वाहते. त्याला सुपरकंडक्टर म्हणतात, मराठी पुस्तकात अतिसंवाहक. त्याच्यावर चुंबकाचं बळ लावलं की ते आत सरसकट घुसत नाही, बारीक बारीक भोवऱ्यांच्या रूपानं शिरतं. स्फटिकात कुठे कुठे खोट असते, खड्डे असतात. त्या खड्ड्यांत हे भोवरे अडकून बसतात. बसून राहिले तर सगळं ठीक. सुटून पळायला लागले की वीज वाया. म्हणून ते किती घट्ट बसलेत हे मोजायचं, हेच माझं काम.

सासूबाईंनी भाकरी उलटली. "आणि दिसतात काय ते?"

"नाही दिसत. आकडे येतात."

"दिसत नाय ते बघायला मुंबईला जातेस व्हय! आणि दिसतात त्या भाकऱ्या मी भाजतेय." असं म्हणायच्या, आणि शनिवारी पहाटे माझ्या आधी उठून डबा भरून तयार. अशा सासूला काय बोलणार?

विषय गोड होता, पण दोन वर्षांत माझ्या तोंडाला फेस आला. घोळ असा की एकाच स्फटिकावर, एकाच यंत्रावर, त्याच थंडीत आणि तेवढ्याच चुंबकीय बळात संस्थेतली माझी ज्युनिअर मोजायची तेव्हा तिचा आकडा एका जागी यायचा, आणि मी मोजायची तेव्हा माझा त्याच्या बराच वर. तिचे भोवरे जरा लोटलं की सुटायचे. माझे खुंट्याला बांधल्यासारखे घट्ट. एकदा झालं असतं तर चूक म्हणून सोडून दिलं असतं. पण प्रत्येक वेळी? मी तापमापक बदलला. तारा पुन्हा जोडल्या. स्फटिक उलटा करून लावला. आकडा तोच, वरचा.

माझे सर, म्हणजे मार्गदर्शक, स्वभावानं वाईट नव्हते, पण जीभ तिखट. एका बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, शनिवार-रविवार येऊन असली कामं होत नसतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर, स्फटिकाला वार कळतात का?" मी विचारलं. पोरं खो खो हसली. सर हसले नाहीत. बैठक संपल्यावर त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, आणि ते शांतपणे बोलले म्हणून मी जास्त घाबरले. मला मिळालेली मुदतवाढ शेवटची होती. दिवाळीच्या सुट्टीत यंत्र थंड करायला हेलियम मिळणार होतं, माझ्या वाट्याला तेवढी एकच खेप. त्यात माझा आकडा इतरांच्या आकड्याशी जुळला नाही तर भोवऱ्यांचं प्रकरण प्रबंधातून काढावं लागेल. "आणि ते काढलं तर?" मी विचारलं. सरांनी टेबलावरचे कागद जुळवून ठेवले. ते प्रकरण काढलं की माझ्या प्रबंधात प्रस्तावना आणि आभार एवढंच उरत होतं.

येताना गाडी रिकामी होती. कासू स्टेशनात ती बाजूला घेऊन ठेवली, मागून कोणती तरी लांबची गाडी जायची होती. खिडकीबाहेर खाडीकडची शेतं आणि बगळे. मी तिथे मनसोक्त रडून घेतलं. रोह्याला उतरून घरी जायचं तर डोळे कोरडे हवेत, म्हणून रडायला मला कासू बरं पडायचं. पीएचडी गेली तर पुढच्या जूनमध्ये पुन्हा दारात उभी, आणि त्याच्या पुढच्या जूनमध्येही. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं डॉक्टरेट घेऊन माझ्या शेजारी कायम होणार आणि मी त्यांना "सर" म्हणणार.

गौरी-गणपतीला मी माहेरी पेणला गेले. माझी ज्युनिअर मागेच लागली होती, पेणचा गणपती बघायचाय म्हणून. पोरगी हरियाणाची, तोंडानं फटकळ, मनानं साफ, मला दीदी म्हणायची. आमच्यात आकड्यांवरून भांडण होतं, माणसांवरून नव्हतं. म्हटलं, चल.

आली ती सकाळच्या गाडीनं. कारखाना बघितला, बाबांच्या हातातली आखणीची कुंचली बघितली, मूर्तीचे डोळे अशा एका केसाच्या टोकानं काढतात हे ऐकून आ वासला. मग घरात येऊन गणपतीचा फोटो काढायला लागली. एक डोळा मिटून बघितलं, मान वाकडी केली, मोबाइल खाली ठेवला, आणि आम्हाला काही कळायच्या आत पुढे होऊन दोन्ही हातांनी पाट धरून सरळ केला.

"अगं अगं अगं!" आईच्या हातातलं नैवेद्याचं ताट कलंडता कलंडता वाचलं.

माझा डावा हात आपसूक उजव्या मनगटावर गेला.

"टेढ़ा था, दीदी. सीधा कर दिया," ती म्हणाली. मग आमची तोंडं बघून तिचं तोंड उतरलं.

बाबा जागेवरून उठले. मला वाटलं, आता पाहुणी पोरगी खातेय फटका. ते गणपतीजवळ गेले, वाकून बघितलं. "किती हलवला?"

मी हिंदीत विचारलं.

"थोडासा."

"तांदळाएवढा?" बाबांनी विचारलं.

मी पूजेच्या ताटातली अक्षत उचलून तिला दाखवली. तिनं ती नीट निरखली, प्रयोगशाळेत निरखते तशी, आणि प्रामाणिकपणे मान हलवली. "इससे थोड़ा ज़्यादा."

बाबांना हसू फुटलं. "खोटं तरी बोलत नाय पोरगी!" मग त्यांनी गणपतीला हात जोडले. "लेकरू हाय, महाराज. तिनं काय निरोप दिलेला नाय. बसा." झालं, मिटलं. आईनं तिला दोन मोदक जास्त वाढले, भेदरली होती म्हणून. बाबा एवढ्यावर सोडतील असं मला अजिबात वाटलं नव्हतं. माझ्या वेळी एवढी माया कुठे गेली होती, असं मनात आलंच.

जेवणं झाल्यावर आम्ही ओटीवर बसलो. मी तिला झापलं. "प्रत्येक गोष्टीला हात लावायची खोड आहे तुला."

"आदत आहे दीदी," ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. "लॅबमध्ये पण मी असंच करते ना."

"लॅबमध्ये काय करतेस?"

"थंड झाल्यावर. कॉइल चालू आहे का बघायला झटका देते, छोटासा."

हे कॉइलचं सांगते. स्फटिकाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. त्यातून चुंबकाचं हलकं बळ मागेपुढे, मागेपुढे झुलवता येतं. वेटोळं धड आहे का हे बघायला कामाआधी एक झोका द्यायचा, मंडपात 'हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग' करतात तेवढाच. त्याचा कोणी हिशेब धरत नाही.

"थंड झाल्यावर देतेस?" मी विचारलं. "भोवरे बसल्यावर?"

"हो. मोजायच्या आधी. सगळेच देतात. सर पण." मग ती माझ्याकडे बघायला लागली. "आप नहीं देतीं?"

मी देत नव्हते. मी माझं माइक टेस्टिंग स्फटिक गरम असतानाच उरकून घ्यायची. एकदा तो थंड झाला, भोवरे आपापल्या खड्ड्यांत बसले, की मी कशालाही हात लावत नसे. खोलीत पावलंसुद्धा हळू टाकायची. असं कर म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं आणि करू नको म्हणूनही कोणी सांगितलं नव्हतं. बसवलेला हलवायचा नाही, एवढं मनगटाला माहीत होतं.

मी ताडकन उठले आणि स्वयंपाकघरात गेले. ज्युनिअर मागून. तांदळाचा मोठा डबा काढला, दुसऱ्या रिकाम्या डब्यात तांदूळ ओतला, काठोकाठ.

"भरला ना?"

"भरला."

मी डबा ओट्यावर ठोकला. तांदूळ दोन बोटं खाली गेला. पुन्हा ठोकला, अजून जरा खाली. मग कितीही ठोकला तरी तिथेच.

"वरचा तांदूळ खोटा होता का?" मी तिला विचारलं. "ठोकला नसता तर वर्षभर तसाच राहिला असता. पण ती त्याची शेवटची जागा नव्हती. एक धक्का मिळाला की खाली बसणार होताच."

याला आमच्या शास्त्रात मेटास्टेबल म्हणतात. मराठी कोशात मितस्थायी असा शब्द आहे, फारसा कोणी वापरत नाही. म्हणजे बसलंय खरं, टिकतंयही, पण मुक्कामाची जागा ही नव्हे. माझे भोवरे ओतलेल्या तांदळासारखे विस्कटून बसलेले असायचे, जो तो आपल्याला सापडेल त्या खड्ड्यात. म्हणून घट्ट. हिनं झोका दिला की ते रांगेत यायचे. आणि रांगेतली पोरं एकमेकांचे हात धरून असतात, खड्ड्यात उतरायला कोणी मोकळं नसतं. म्हणून तिचे भोवरे पटकन सुटायचे. असं असेल, असं मला वाटलं. सिद्ध काहीच नव्हतं.

"मग खरा आकडा कोणाचा?" ज्युनिअरनं विचारलं. "आपका या मेरा?"

"दोघींचा."

आई दारात उभी होती. सणासुदीचे तांदळाचे डबे आपटतायत म्हणून तिनं कपाळाला हात लावला.

त्या पोरीनं मग सरळ हिशेबाची गोष्ट सांगितली. दीदी, एवढं कशाला? दिवाळीत एकच खेप आहे. थंड कर, झटका दे, आकडा जुळेल, प्रकरण राहील, डॉक्टर हो. बाकीचं मग बघू. आणि खरं सांगते, मला मोह झाला. झोका द्यायचा, आकडा जुळवायचा, सर खूश, कॉलेज खूश. उलट मी न हलवता मोजलं, नंतर हलवलं, आणि आकडा खाली आलाच नाही तर? मग हेलियमही संपलं आणि मीही संपले. मी ज्युनिअरला म्हटलं, बघू. पण परतीच्या गाडीत, कासू यायच्या आतच, माझं डोकं तापलं होतं. दोन वर्षं माझ्या आकड्याला सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. तो खोटा नव्हता. मग मी तो आपल्या हातानं का गाडायचा? त्या दिवशी कासूला मी रडले नाही, हे नक्की आठवतं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं यंत्राशी उभे होतो: सर, ज्युनिअर आणि मी. सकाळची वेळ, सरांच्या हातात चहा. चुंबकाचं बळ लावलं, स्फटिक थंड केला. कॉइलला हात लावला नाही. मोजलं. आकडा वरचा.

सरांनी कप खाली ठेवला. "पुन्हा तेच."

"थांबा, सर."

"हेलियम थांबत नाही, उडून जातं, मॅडम."

मी तरी थांबले. थोड्या वेळानं पुन्हा मोजलं. आकडा तिथेच, वर, ढिम्म. "आता हलवते," मी म्हटलं.

"किती?" सरांनी विचारलं.

"तांदळाएवढा."

तोंडून निघूनच गेलं. ज्युनिअर फिसकन हसली. सरांच्या भुवया वर गेल्या. मी बटण सगळ्यात खालच्या खुणेवर आणलं आणि कॉइलमधून एक हलकासा झोका दिला. त्या क्षणी माझे डोळे मिटले होते, बाबांचे मिटायचे तसे. का मिटले, माहीत नाही.

मोजलं. आकडा घसरला होता. आणखी एक झोका, आणखी घसरला. मग तो ज्युनिअरच्या आकड्यावर येऊन बसला, आणि तिथून कितीही हलवलं तरी हलेना.

मग सर म्हणाले, "गरम करा. पुन्हा थंड करा." त्यांचा आवाज बदलला होता. गरम केलं, पुन्हा थंड केलं, हात लावला नाही. आकडा वर. झोका दिला. आकडा खाली. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

"पण तुम्ही तपासणीचा झोका का देत नव्हता?" ते म्हणाले. "सगळे देतात."

मी काही बोलायच्या आत ज्युनिअरनं तिच्या हिंदीत सगळं रामायण सांगून टाकलं: पाट, सोंड, अक्षत, आईचं ताट, तांदळाचा डबा. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. सर मात्र कोकणातलेच, त्यांना अर्ध्यातच कळलं. ते खुर्चीत बसले आणि हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"म्हणजे इतकी वर्षं," ते म्हणाले, "आम्ही सगळे हलवलेला गणपती पुजत होतो!"

मग हसू आवरून म्हणाले, "ते शनिवार-रविवारचं मी मागे घेतो. स्फटिकाला वार कळत नाहीत." त्यांचा चहा तोवर गार झाला होता, तो तसाच पिऊन टाकला. मी बाहेर जिन्यात जाऊन रडले. कासूपर्यंत दम निघाला नाही.

प्रकरण राहिलं. नुसतं राहिलं नाही, सगळा प्रबंधच त्याच्याभोवती उभा राहिला. शेवटची तोंडी परीक्षा उघडी असते, कोणीही येऊन बसू शकतं. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आईसकट मागच्या रांगेत येऊन बसले, हातात पेणच्या पोह्याच्या पापडांची पिशवी. सासूबाईंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी पाठवली होती, साहेब लोकांना द्यायला. तो डबा मी नवऱ्याला सांगून खिडकीबाहेर ठेववला, तरी वास यायचा तो आलाच.

बाहेरचे परीक्षक पुण्याचे, मोठे गृहस्थ. सगळी प्रश्नोत्तरं इंग्रजीत चालली होती. बाबांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण मूर्तीचा रंग सुकायची वाट बघावी तसे ते माझ्याकडे बघत होते. शेवटी परीक्षकांनी कागद बाजूला सारले आणि मराठीत विचारलं, "तुमच्या सगळ्या कामाचा पाया हा, की तुम्ही एक गोष्ट केली नाही. ती सगळे करतात. तुम्ही का केली नाही?"

याचं शास्त्रीय उत्तर मी घोटून आले होते. पण माझी नजर मागच्या रांगेत गेली.

"आमच्याकडे बसवलेला हलवत नाहीत," मी म्हटलं.

"नाय हलवत!" मागून बाबांचा आवाज आला, खणखणीत. सगळं दालन हसलं. सर तर सगळ्यात आधी.

परीक्षकही हसले. "हे प्रबंधात का लिहिलं नाहीत?"

"इंग्रजीत नीट बसलं नसतं, सर."

नवऱ्याची शिफ्ट होती, तो पुढे निघून गेला. रविवारी सगळ्यांना कोलाडला नेऊन मिसळ खाऊ घालायचं कबूल करून गेला. मी, आई आणि बाबा संध्याकाळच्या रोहा गाडीत बसलो. ते दोघं पेणला उतरणार, मी रोह्याला. कायमच्या जागेची जाहिरात अजून निघायची होती, आजही निघायचीच आहे. पण आता दारात उभी राहिले तर पाहुणी म्हणून नाही, एवढं मला कळलं होतं. मला इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू.

बाबा खिडकीशी बसले होते. आपटा गेलं, जिते गेलं. हमरापूर सुटल्यावर त्यांनी माझा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि मनगट धरलं. त्यांच्या बोटांच्या रेषांत शाडू कायमची बसलीय, कितीही धुवा.

"तेव्हा लागली होती काय गो जोरात?"

कुठलं 'तेव्हा' हे विचारायची गरज नव्हती. "लागली होती, बाबा."

"मी परत कधी हात उचलला नाय."

"माहीत आहे मला."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. मनगट मात्र सोडलं नाही. पेण आलं, गाडी थांबली. आई पिशव्या घेऊन दाराशी पोचली आणि तिथून ओरडायला लागली, "अहो, उतरायचंय ना? गाडी काय तुमच्यासाठी थांबणाराय?"

"बाबा, पेण आलं. हात सोडा."

"मी कशाला सोडू?" बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. "बसवलेला मी हलवत नाय. तूच हलव."

मी मनगट जरासं सरकवलं. तांदळाएवढंच.

"हलवला हो!" बाबा म्हणाले, आणि डोळे पुसत उतरायला उठले.